गुणाचा पुठ्ठा

मित्रांनो, परीक्षेला जाताना तुम्ही ज्याला काखेत धरता आणि परीक्षा संपली की कपाटामागे सारता, तो चिमट्याचा पुठ्ठा मी. आता माझा एक कोपरा तुटला आहे आणि अंगावरचा तपकिरी रंग उडाला आहे. आयुष्यभर लोकांनी माझं कौतुक केलं, मला शिव्याही घातल्या. दोन्ही कशाबद्दल, ते मला नीटसं कधी कळलं नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्हाला काही उमगलं तर बघा.

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये माझा जन्म झाला. हार्डबोर्डच्या मोठ्या तक्त्यातून मला कापलं, कडा घासल्या आणि डोक्यावर लोखंडी चिमटा ठोकला. माझ्याबरोबर कापलेले माझे भाऊ हुबेहूब माझ्यासारखेच होते. माझ्यात वेगळं असं काहीच नव्हतं.

एस.टी.च्या वर्कशॉपात फिटर असलेल्या भाऊसो कांबळ्यांनी मला विकत घेतलं. सदर बाजारात त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. त्यांची बायको आक्काताई. हुपरीहून येणाऱ्या चांदीच्या पैंजणांना त्या घरी बसून घुंगरं जोडायच्या. थोरली मुलगी प्रीती, धाकटा मुलगा बुद्धभूषण. त्याला सगळे भूषणच म्हणत. साल होतं ब्याण्णव. प्रीती चौथीत होती आणि तिला स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसायचं होतं.

ती पोर नळावर पाणी भरताना पाढे म्हणायची. जेवताना बोटानं ताटात गणितं सोडवायची. हे सगळं मी खुंटीवरून बघत होतो. परीक्षेच्या दिवशी तिनं माझ्यावर कागद ठेवले आणि लिहिलं. मी फक्त खाली सपाट पडून होतो. निकाल लागला, तिला स्कॉलरशिप मिळाली. आक्काताईंनी मला पदरानं पुसलं आणि म्हणाल्या, "ह्यो पुठ्ठा लई गुणाचा हाय बघ!"

भाऊसो हसले. "आगं, पुठ्ठा काय करतोय? पोरीनं केलंय की. आपल्यात असलं काय मानत न्हाईत."

"मी कुठं मानतीया? गुणाचा हाय एवढंच म्हटलं."

पण प्रीतीनं ते मनावर घेतलं. तेव्हापासून प्रत्येक पेपराला मी तिच्याबरोबर. घंटा व्हायच्या आधी ती माझ्यावर तळहात ठेवून डोळे मिटायची. चांगले मार्क पडले की म्हणायची, "पुठ्ठा हुता म्हणून." शेजारच्या तानाबाई नातवासाठी मला मागायला आल्या, तर तिनं मला गादीखाली लपवलं. मला लाज वाटायची, सुखही वाटायचं. आपलं कौतुक कुणाला नको असतं? पण मी नक्की काय केलं, ते काही केल्या आठवत नव्हतं.

भूषणचं निराळंच होतं. दुसरीत एकदा त्याची वजाबाकी चुकली आणि कुणीतरी म्हणालं, "ह्याला गणित न्हाई जमणार." ते वाक्य घरात राहायलाच आलं. पाहुणे आले की आक्काताई सांगायच्या, "पोरगी हुशार हाय, भूषणला तेवढं गणित जमत न्हाई." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. भूषण शेजारीच बसलेला असायचा. हळूहळू तोही तेच सांगू लागला. अगदी सहज, आपली उंची सांगावी तसं.

अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये प्रीतीची दहावीची परीक्षा सुरू झाली. बीजगणिताचा पेपर तिनं माझ्यावर लिहिला. दुसऱ्या दिवशी भूषणच्या शाळेत सातवीची चाचणी होती. त्यानं मला गुपचूप नेलं, माझ्या पाठीवर पेन्सिलीनं क्षेत्रफळाची सूत्रं लिहिली आणि पुसायचं विसरून मला परत खुंटीला अडकवलं.

भूमितीच्या पेपराला वर्गावरच्या बाईंनी सगळ्यांचे पुठ्ठे तपासले. मला त्यांनी उलटं केलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"हे काय लिहिलंयस?"

प्रीतीनं बघितलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "बाई, मी न्हाई लिहिलं. शपथ. माझ्या भावाचं अक्षर हाय."

सगळा वर्ग मागं वळून बघत होता. बाईंनी तिचं अक्षर ताडून पाहिलं. "पेपर अजून वाटलेला नाही, म्हणून सोडते. पण हा माझ्या टेबलावर राहील."

"बाई, पुसून द्या की. त्याच्याशिवाय मला लिहाय येत न्हाई."

"का? हाताला काय झालंय?"

"हाताला न्हाई, बाई..." खाली मान घालून ती जागेवर जाऊन बसली.

मी टेबलावर पडून होतो. पेपर वाटले, घंटा झाली. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. प्रीतीची मान वर होती आणि ती माझ्याकडे बघत होती. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की बाळ, मला भूमिती येत नाही! मला कसलंच काही येत नाही! पण मी पुठ्ठा. बाई दोनदा तिच्याजवळून गेल्या. ती नुसती बसून होती. पोरीचं वर्ष जाणार, आणि ते माझ्यामुळं, असं मला वाटू लागलं. पण माझ्यामुळं म्हणजे कसं? मी तर नेहमीसारखाच पडून होतो.

मग तिनं पेन्सिल उचलली. तिच्या बाकावर कुणीकुणी कर्कटकानं नावं कोरली होती. पहिली रेघ ओढताना कागदच फाटला. तिनं पान उलटलं, बाकावरून तळहात फिरवून गुळगुळीत जागा शोधली आणि कागद तिथं सरकवला. एक त्रिकोण काढला. थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली आणि मग लिहायला लागली. पुढं तर तिनं पुरवणी मागितली. शेवटची घंटा होईपर्यंत तिनं माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मित्रांनो, तेव्हा मला बरं वाटलं की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

जूनमध्ये निकाल लागला. बीजगणितापेक्षा भूमितीत जास्त मार्क होते. आक्काताई म्हणाल्या, "पुठ्ठा टेबलावरनं बघत हुता की!" त्यावर सगळे हसले. प्रीती तेवढी हसली नाही.

"पप्पा, मग इतकी वर्सं कोण करत हुतं?"

"तूच की."

"म्हंजे उद्या वाईट मार्क पडले, तर ते बी माझंच?"

भाऊसो म्हणाले, "व्हय. ते बी तुझंच."

"मग पुठ्ठाच बरा हुता," ती म्हणाली आणि मला उचलून भूषणच्या दप्तरावर ठेवलं.

अशी माझी मालकी बदलली. भूषणनं मला दोन्ही हातांनी घेतलं. आता आपलंही गणित सुटणार, असा त्याचा चेहरा झाला होता. पण तो नळावर पाढे म्हणत नव्हता, ताटात गणितं मांडत नव्हता. गणितच जमत नाही तर ते करायचं कशाला, असं त्याचं सरळ होतं. दोन हजार एक साली तो दहावीला बसला. बाकी विषय निघाले, गणितात नापास झाला. त्या दुपारी त्यानं मला उंबऱ्यावर आपटलं. माझा कोपरा तुटला आणि चिमटा अंगणात जाऊन पडला.

"ताईच्या हातात चालतोय आणि माझ्या हातात मेल्याला काय हुतंय! न्हाईतर मीच मठ्ठ हाय!"

कोपऱ्याचं मला दुखलं नाही. पण माझा गोंधळ पार वाढला. प्रीतीच्या यशात मी नव्हतो, हे आता मला पटलं होतं. मग भूषणच्या अपयशात मी कुठून आलो? आणि तो मठ्ठ असता, तर बाकीचे विषय कुणी काढले?

प्रीती तेव्हा कॉलेजात होती. तिनं अंगणातून चिमटा उचलून आणला. भूषणला ती रागावली नाही. गणिताचं पुस्तक घेऊन त्याच्यासमोर बसली.

"हे कर."

"मला गणित येत न्हाई."

"ते ऐकलंय. ह्या गणितात कुठल्या ओळीला अडकलास, ते सांग."

"सगळंच येत न्हाई."

"पैली ओळ?"

"ती येती की."

"दुसरी?"

"ती बी येती." तो चिडला होता. मग बोट तिसऱ्या ओळीवर थांबलं. "ही न्हाई येत."

"मग असं म्हण. मला ही ओळ येत न्हाई. गणित येत न्हाई, असं म्हणू नगंस."

तो सगळा पावसाळा दोघं बसत होते. कधी ओळ सुटायची, कधी भूषण पुस्तक फेकून बाहेर जायचा. आक्काताई पाहुण्यांसमोर सवयीनं बोलायला जायच्या, "भूषणला तेवढं गणित..." आणि प्रीतीनं बघितलं की वाक्य तिथंच सोडून चहाला उठायच्या.

ऑक्टोबरच्या परीक्षेला भूषण मला न घेताच गेला. मी आता पैंजण मांडून ठेवायला आक्काताईंच्या कामाला आलो आहे. घुंगरांचा आवाज मला आवडतो. मित्रांनो, तुमच्या पुठ्ठ्याला जपा, पावसात भिजवू नका, उंबऱ्यावर आपटू नका. पण त्याच्यावर हात ठेवून डोळेही मिटू नका. आम्ही बिचारे घाबरतो. आणि कुणा पोराला काय जमत नाही, ते त्याच्यादेखत पाहुण्यांना सांगू नका. एवढीच विनंती. बाकी हुशारी म्हणजे काय आणि ती कुठं राहते, ते मला विचाराल तर मी अजून गोंधळलेलाच आहे.

निकालाच्या दिवशी भूषण दारातूनच ओरडला, "सुटलो! पेपर सोपा हुता."

"कुणाला सोपा हुता?" प्रीतीनं विचारलं.

भूषण चपला काढता काढता थांबला. एक पाय चपलेत, एक जमिनीवर. आक्काताईंच्या हातातलं घुंगरूही थांबलं.

"मला," तो म्हणाला.