सपाट मुलखातला ब्रेक

मित्रांनो, मी सायकलचा एक जुना ब्रेक आहे, पुढच्या चाकाचा. चाकावर आणि घंटीवर तुम्ही शाळेत निबंध लिहिले असतील. माझ्यावर कोणी लिहिल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. त्याचे मला नवलही वाटत नाही. सायकलवर बसलेल्या प्रत्येकाला पुढे जायचे असते आणि माझे काम 'नको' म्हणण्याचे. असा नातेवाईक कोणाला आवडतो?

सध्या मी झाशीच्या रेल्वे वसाहतीत एका खिडकीच्या कट्ट्यावर पडून आहे. माझ्यातून एक तुटकी तार बाहेर आली आहे. तिचे टोक पिंजलेले आणि तांबूस आहे. ती कशी तुटली, तेच मला सांगायचे आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. धातूचे दोन बाहू, त्यांना रबराचे दोन गुटके आणि हँडलवरच्या दाबायच्या मुठीपर्यंत जाणारी एक तार, एवढाच माझा संसार. तार एका काळ्या नळीतून जाते, त्यामुळे ती कोणाला दिसत नाही. हे ध्यानात ठेवा. मानिक चौकाजवळच्या दुकानात मुकेशभैयाने मला एका पातळ चाकांच्या, वाकड्या हँडलच्या सायकलला बसवले, मूठ दाबून पाहिली आणि म्हणाला, "बढ़िया पकड़ रहा है." माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक. पुढे त्यात फारशी भर पडली नाही.

सायकल आभाची होती. तिचे वडील दिवाकरराव रेल्वेत, सिग्नल खात्यात. त्यांचे वडील नोकरीपायी भुसावळहून झाशीला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, असा कारभार. आभाला मराठी सगळे समजे, बोलताना मात्र अर्ध्या वाक्यात ती हिंदीत घुसायची. बापलेकीला सायकलचे वेड. पण झाशीचे रस्ते खडकावर बसलेले. जरा कुठे जायचे म्हटले की चढ, नाहीतर उतार. मला भरपूर काम असे. किल्ल्याकडून खाली उतरताना मी चाक असे धरून ठेवी की आभाला पायी चाललेल्या मैत्रिणीशी गप्पा मारता येत.

मग एकदा दिवाकररावांच्या छातीत कळ आली. दवाखान्यातून ते घरी आले ते एक ताकीद घेऊन. सायकल चालवा, पण चढ चढू नका. झाशीत राहून चढ टाळायचा म्हणजे सायकल विकूनच टाकायची. ते गप्प गप्प राहू लागले. जेवणावरचे त्यांचे लक्षही उडाले. आभाने मात्र हे मनावर घेतले. बाबांनी पुन्हा आपल्यासोबत सायकल चालवावी, एवढेच तिला हवे होते. त्यासाठी एखादा सपाट मुलूख असलाच पाहिजे, असे ती म्हणे. शेवटी तिने तो शोधला, आंध्रच्या समुद्रकाठी.

रेल्वेचा पास होताच. दर वर्षी नवरात्राच्या तोंडावर दोघे निघत आणि सायकली सामानाच्या डब्यात चढत. घरी घट बसत, त्यामुळे आभाची आई, कमलताई, घर सोडत नसत. त्या वाटेसाठी दशम्या बांधून देत आणि अष्टमीपर्यंत परत या म्हणून बजावत.

तसा मुलूख मी कधी पाहिला नव्हता. जिकडे पाहावे तिकडे भाताची हिरवी खाचरे, मध्ये नारळाच्या रांगा आणि समुद्राजवळ कोळंबीची खारट तळी. पाणी घुसळणारी चक्रे त्या तळ्यांत दिवसभर फिरत. रस्ता निवडण्याची दिवाकररावांची एक युक्ती होती. कालव्याच्या बांधावरून जायचे. पाणी ज्या वाटेने संथ जाते त्या वाटेला चढ नसतो, असे ते म्हणत. स्टेशनापासून कालवा धरायचा, दीपस्तंभापर्यंत तो सोडायचा नाही आणि येताना गावागावांतून फिरत परत यायचे. तिथे चढ होता तो फक्त वाऱ्याचा. समुद्राकडून वारा सुटला की आभा पुढे होई आणि वडिलांना आपल्या पाठीमागे आडोशाला घेई. वर्षभर गप्प असलेला माणूस तिथे चक्क गाणी म्हणे. ती कानाला गोड होती असे नाही, पण आभाचा वेग त्या गाण्यांनी वाढत असे.

मला मात्र तिथे काही काम नव्हते, आणि बाबा सोबत नाहीत म्हणून आभा झाशीतही सायकल क्वचितच काढी. एकदा बदकांचा मोठा कळप रस्ता ओलांडत होता, तेव्हा आभाने मला दाबले. बस्स, तेवढेच. मी रुसलो होतो, खोटे कशाला सांगू?

तिसऱ्या वर्षी एका ठिकाणी भरतीचे पाणी रस्त्यावर आले होते. दोघे हसत हसत त्यातून गेले. चाकाने उडवलेले खारे पाणी माझ्या अंगावर आले आणि नळीत शिरले. आधीच्या दोन वर्षांचे मीठ तिथे होतेच. मीठ नुसते बसून राहत नाही, मित्रांनो, ते खात राहते. नळीच्या आत माझ्या तारेचा एकेक धागा सुटू लागला. मूठ रोज दाबली गेली असती तर तारेचा खरखरीतपणा कोणाच्या तरी हाताला कळला असता.

त्याच दिवशी मागच्या चाकाचा ब्रेक, म्हणजे माझा भाऊ, चाकाला घासू लागला. दिवाकररावांनी पाना काढला आणि त्याची तार सैल सोडून दिली. आभाने विचारले, "बाबा, मग तो लागेल का?"

"इथे ब्रेक हवाय कुणाला?" ते म्हणाले. "झाशीला गेल्यावर बघू."

त्यांच्या जागी कोणीही हेच म्हणाले असते. समोर नजर पोहोचेल तिथवर कालवा होता आणि त्याच्या कडेने सरळ रस्ता.

ठरल्याप्रमाणे अष्टमीला दोघे घरी आले. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची आणि वाहनांची पूजा होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. कमलताईंनी ओल्या फडक्याने सायकल वरवर पुसली. हळद-कुंकू वाहिले, अक्षता टाकल्या. झेंडूच्या माळेचा दोरा माझ्याच बाहूला बांधला. एवढा मान मला कधी मिळाला नव्हता. मूठ मात्र कोणी दाबली नाही.

दिवाकररावांना माझ्या भावाची सैल तार आठवली. ते पाना घ्यायला वळले. पण पानाही पाटावर मांडलेला होता, हळद-कुंकवात. कमलताई म्हणाल्या, "आज हत्याराला हात नाही लावायचा. उद्या करा." त्यांनी हात मागे घेतला. उद्या त्यांची सकाळची ड्यूटी होती, हे त्या वेळी दोघांच्याही लक्षात आले नाही.

दसऱ्याला दिवाकरराव कामावर असतानाच आभा आपट्याची पाने घेऊन निघाली. दतिया गेटच्या आत जुनी मराठी घरे आहेत, तिथल्या वडीलधाऱ्यांना सोने द्यायचे होते. किल्ल्याच्या बाजूच्या उतारावर सायकलने वेग घेतला. खाली बाजाराची गर्दी होती, बायका, लहान मुले, फुलवाले. आभाने दोन्ही मुठी दाबल्या. भावाची मूठ लुळी पडून हँडलला टेकली. सगळा भार माझ्यावर आला. मी चाक धरले. ते मंदावलेही. मग नळीच्या आत, जिथे कोणाला दिसत नाही, तिथे माझी तार तुटली.

आभाने ओरडून माणसांना बाजूला व्हायला सांगितले. एवढ्या गर्दीत माणसे कुठे सरकणार? तिने हँडल वळवले आणि सायकल दगडी भिंतीवर घातली.

गर्दीतल्या एकालाही खरचटले नाही. आभाही वाचली. पण कमरेखाली तिला आता काही जाणवत नाही, आणि पुढेही जाणवणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे.

सायकल भंगारात गेली. त्याआधी दिवाकररावांनी त्याच पान्याने मला काढून घेतले आणि इथे खिडकीत ठेवले. का ठेवले, हे त्यांनी सांगितले नाही. येणारे-जाणारे नशिबाला दोष देत आणि चहा पिऊन जात. कालव्यावर आपण काय बोललो होतो, त्याचा उच्चार दिवाकररावांनी कधी केला नाही. आभाने ते ऐकले होते. तिनेही तो विषय काढला नाही.

आता आभा चाकांच्या खुर्चीत बसते आणि झाशीचा प्रत्येक चढ तिला अडवतो. एक पायरीसुद्धा पुरते. म्हणून दिवाकरराव सकाळी पायी हिंडून तिच्यासाठी सपाट रस्ते शोधतात. पाण्याचा टँकर गळत गेला की ते त्याच्या मागे चालत जातात. पाणी जिथे वाहत नाही, नुसते साचते, तो रस्ता त्यांच्या कामाचा. वसाहतीतल्या वाचनालयापर्यंतचा असा एक रस्ता त्यांना सापडला आहे. खिडकीतून मला तो पूर्ण दिसतो, एवढा तो लहान आहे.

यंदा पुन्हा खंडेनवमी आली. कमलताई तबक घेऊन खुर्चीजवळ वाकल्या. तेवढ्यात आभा म्हणाली, "आई, थांब. पहले ब्रेक."

दिवाकरराव खाली बसले. त्यांनी खुर्चीच्या एका चाकाचा ब्रेक लावला आणि खांद्याने खुर्ची रेटून पाहिली. ते चाक जागचे हलले नाही. त्यांनी पुन्हा रेटले. मग मान वर न करताच ते म्हणाले, "तेव्हा बघायला हवं होतं."

कमलताई पदराने डोळे पुसू लागल्या. जाऊ द्या, असे आभा म्हणेल, असे मला वाटले. सगळे तसेच म्हणत आले होते.

"हो बाबा," आभा म्हणाली. "बघायला हवं होतं." तिने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. "आता दुसऱ्या चाकाचा बघून घ्या."

ते खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि त्यांनी तो ब्रेकही पाहिला.

मग कमलताईंनी खुर्चीला हळद-कुंकू लावले आणि बोटाला उरलेले माझ्या तारेला पुसले. मित्रांनो, हळद-कुंकवाने गंज जात नाही. आम्ही ब्रेक कामाने झिजतो खरे, पण झिजलेले तुम्हाला दिसते. कामाविना पडून बिघडलेले दिसत नाही. रस्ता सपाट असला तरी रोज एकदा मूठ दाबून बघा. पूजा जरूर करा, माळही घाला. पण काही सैल लागले, तर ते उद्यावर टाकू नका. पाना पूजेत असला तरी उचला.