वसंतरावांच्या नावाची फरशी

या मित्रांनो, माझ्या बुंध्याशी जरा जवळ सरकून बसा. एक गोष्ट सांगतो. ऐकून अंगावर काटा येईल, आणि ती माझ्यावरच गुदरलेली आहे.

मी एक जुना उंबर आहे. नागपुरात, हिंगण्याच्या रस्त्यालगतच्या एका वस्तीत दत्ताच्या देवळासमोर उभा आहे. कुण्या पाखराने टाकलेल्या, मोहरीहून बारीक बीमधून मी आलो. माझी पानं म्हणजे माझं स्वयंपाकघर. मुळांनी धाडलेलं पाणी, हवा आणि ऊन, एवढ्यावर ती माझं अन्न तयार करतात आणि तुम्हाला श्वासाला लागणारा प्राणवायू बाहेर सोडतात. माझी फुलं फळाच्या पोटात लपलेली असतात. त्या फळांवर पोपट, खारी, मुंग्या सारे जगतात. आणि कीर्तनाचा तर मला भारी नाद! दत्तजयंतीला बुवांनी नमन धरलं की माझं पान न् पान कान होतं.

त्या कीर्तनात वसंतराव टाळ धरत. ते गेल्यावर त्यांच्या पत्नी गोपिकाबाईंनी मोठ्या भक्तीने माझ्याभोवती पार बांधला. चकचकीत काळी फरशी, अगदी बुंध्याला चिकटून, सांध्यांत सिमेंट. फरशीवर वसंतरावांचं नाव. लोकांनी हात जोडले. मी मात्र हादरलो! मित्रांनो, मुळं नुसतं पाणी पीत नाहीत, श्वासही घेतात. मातीच्या कणाकणात हवा असते, तीच कोंडली गेली. देवाच्या दारात, पूजा करणाऱ्या हातांनीच माझा गळा आवळला जात होता, आणि मला ओरडताही येत नव्हतं.

गोपिकाबाई रोज सकाळी मला तांब्याभर पाणी घालत. तरी पानं पिवळी पडली. यंदा दत्तजयंती तोंडावर आली असताना माझी मोठी फांदी कडाडून मंडपावर कोसळली. मंडप रिकामा होता, ही दत्ताचीच कृपा! देवळाचे पंच मधुकरराव म्हणाले, "पोकळ झालं झाड. आता तोडाच लागते. उद्या आरेवाले येतील."

दुसऱ्या दिवशी गोपिकाबाई निरोपाचं पाणी घेऊन आल्या. रडत होत्या, मान खाली होती, म्हणूनच त्यांना दिसलं. पाणी फरशीवरून घसरत थेट नालीत गेलं. त्यांनी आणखी एक तांब्या ओतला. तोही नालीत.

"अगं माय!" त्यांनी हाक मारली. "मधुकरभाऊ, इतकी वर्सं मी नालीले पाणी घालून राहिली काय गा?"

मधुकरराव देवळाच्या पायरीवरून धावत आले.

"सब्बल आणा," गोपिकाबाई म्हणाल्या.

"काहून वहिनी? वसंतरावचं नाव हाय त्याच्यावर!"

"ते उंबराखाली बसत, फरशीखाली नाही. आणता का मी घरून उलथनं आणू?"

सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, आली. पहिला घाव त्यांनीच घातला. नाव मधोमध दुभंगलं. क्षणभर त्यांनी डोळे मिटले, पण हात थांबला नाही. मला कापायला आरेवाले आले, तेव्हा आरे बाजूला ठेवून तेही फरशा उचलू लागले.

मातीला वारा लागला, आणि मित्रांनो, मी पोटभर श्वास घेतला! यंदा लोक कीर्तनाला मातीवर चटया टाकून बसले. मी अजून पुरता बरा नाही, पण खालच्या फांदीवर कोवळी पानं आली आहेत.

झाडाला पाणी घालाल, तेव्हा ते कुठं जातं, तेवढं वाकून बघा. आणि माझ्या सावलीत टेकलात, तर एकदा वसंतरावांचं नाव घ्या. ते आता कुठंच कोरलेलं नाही.