टूर्लाइफची लाल पेटी

दुपारची कॉफी ओतत होते, तेवढ्यात भिंतीवरच्या यंत्रातून गार वारा यायला लागला. मी आधी लक्ष दिलं नाही. बाहेरच्या भागावर बर्फ धरला की आमचा हीट पंप थोडा वेळ थंड पडतो, तो बर्फ वितळवतो आणि पुन्हा कामाला लागतो. पण कॉफी निवली तरी वारा गारच.

टूर्लाइफ, माझा नवरा, खाटेवर पडून होता. वसंतात अर्धांगाचा झटका आला आणि त्याची उजवी बाजू गेली. खाट बैठकीत मावेना, म्हणून आम्ही लाकडाची शेगडी काढून धुराड्याचं भोकही लिंपून टाकलं होतं. घरातली ऊब, नळाचं गरम पाणी, उन्हाळ्यातला गारवा, सगळं त्या एका यंत्राच्या जिवावर. ते बाहेरच्या हवेतली ऊब आत ओढतं म्हणे. उणे वीसमध्ये कसली डोंबलाची ऊब, असं मी म्हणायचे. "फ्रीज मागून गरम लागतो ना? आतली ऊब बाहेर टाकतो. हे बाहेरची आत आणतं," असं तो हसत सांगायचा.

वादळाने रस्ता बंद होता. शेजारच्या यूरुनला फोन लावला.

"बाई गं, बर्फ काढणारी गाडी आल्याशिवाय इथं चिटपाखरू यायचं नाही," ती म्हणाली. "त्याची ती नटवी पेटी फोड आधी! तिच्यातच गुदमरलं असेल ते."

पेटी म्हणजे बाहेरच्या यंत्रावर बांधलेलं पट्ट्यांचं लाकडी घरकुल, घरासारखंच लाल. आमच्या गावात यंत्र उघडं दिसलं की लोकांना लाज वाटते. टूर्लाइफच्या हातची ती शेवटची वस्तू.

मी यंत्र बंद केलं, कुऱ्हाड घेतली.

"जाऊ... नकोस," तो जड जिभेने म्हणाला. "छपरावर... बर्फ."

"मग काय, इथं गोठून मरायचं?" मी खेकसले. त्याचा हात आधीच गार पडला होता.

बाहेर काळोख, आमच्याकडे हिवाळ्यात दुपारीच अंधारतं. पट्ट्यांत बर्फ ठासून भरलेला, आतलं पाणी गोठून पंखा जाम झालेला. वर छपराच्या कडेला बर्फाचा जाडजूड थर लोंबत होता. प्रत्येक घावाला तो कर्रकन् वाजायचा. मी देवाचं नाव घेत होते आणि त्याच दमात टूर्लाइफला शिव्या घालत होते. पेटी फोडली. नळाच्या गरम पाण्याच्या टाकीतलं उरलंसुरलं कोमट पाणी बादलीने आणून ओतलं. पंख्याचं पातं बोटाने हललं आणि मला रडूच फुटलं.

तेवढ्यात छप्पर गडगडलं. मी भिंतीला चिकटले. सगळा बर्फ हातभर पलीकडे कोसळला आणि दाराची वाट बुजली. बादलीनेच उपसत उपसत कशीबशी आत आले.

खाट रिकामी होती.

टूर्लाइफ दाराशी जमिनीवर पालथा पडला होता. ज्याला कुशीवर वळायलाही मी लागायचे, तो एका हाताने ओढत ओढत तिथवर आला होता.

"आवाज झाला," तो म्हणाला. "आणि तू... येईनास."

त्याला उचलायचा जोर माझ्यात नव्हता. यंत्र सुरू केलं, दुलया ओढून आणल्या आणि त्याच्याशेजारी आडवी झाले. वरून ऊब यायला लागली तरी तो थरथरत एकच म्हणत होता, येईनास, येईनास.

"आले ना रे, वेड्या," मी म्हणत राहिले. माझेही दात वाजतच होते.