बंद केलेलं दूध

पाच वर्षांच्या हर्षदाला कोपरात आणि गुडघ्यामागे इसब उठायचं. झोपेत खाजवून खाजवून चादरीला रक्त लागायचं. पांडेसरा भागातल्या एका डॉक्टरने रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्टात दुधापुढे ‘पॉझिटिव्ह’ आलं. डॉक्टर मान वर न करता म्हणाला, “दूध, दही, तूप, सगळं बंद.”

तिची आई वृषाली मराठी शाळेत शिकवायची. सांगितलेलं काटेकोर पाळण्याचा तिचा स्वभाव. घरात दुधाची पिशवी यायची थांबली. वर्ष गेलं. पोर वाळली, इसब मात्र हटलं नाही.

शेवटी ती मुलीला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या गुजराती डॉक्टरबाईंनी रिपोर्ट वाचून बाजूला ठेवला.

“बेन, आधी दूध पिऊन हिला कधी त्रास झाला होता?”

“नाही. रोज पेलाभर प्यायची.”

“मग बंद करायला नको होतं. रक्तात खूण दिसली म्हणजे ॲलर्जी असतेच असं नाही. पण आता घरी देऊ नका. इतके दिवस तोडल्यावर अंगावर उलटू शकतं. सोमवारी या, आमच्यासमोर थेंब थेंब देऊन बघू.”

वृषालीने रिक्षातूनच नवऱ्याला फोन लावला. धम्मरत्न तेव्हा कापडाच्या डाइंग मिलमध्ये होता. मशीनच्या घरघरीत त्याला एवढंच ऐकू आलं, की दुधाची ॲलर्जी नव्हतीच.

संध्याकाळी वृषाली भाजी आणायला खाली उतरली आणि तेवढ्यात तो बासुंदीचा डबा घेऊन घरी आला.

ती वर आली तेव्हा हर्षदाचे ओठ सुजले होते, श्वासाला शिटी लागली होती. धम्मरत्न तिला उराशी धरून उभा होता. “तूच म्हणालीस ना,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता.

इंजेक्शन, ऑक्सिजन. जीव वाचला. पुन्हा रक्त तपासलं, तर दुधापुढचा आकडा कितीतरी वर गेला होता.

“आता मात्र दूध खरंच तोंडाला लावायचं नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“तेव्हा बंद केलं नसतं तर?” वृषालीने विचारलं.

“कदाचित अजून पीत असती.”

घरी दोघांनी एकमेकांना बोल लावला नाही. पण हर्षदा बापाच्या हातून काही घेईना. त्याने नुसतं पाणी पुढे केलं तरी आईकडे बघायची. मग तो तिचं ताट वाढून ओट्यावर ठेवायचा आणि गॅलरीत जाऊन उभा राहायचा. ती जेवून उठली, की आत यायचा.