निळी खिडकी, करडे पा

ग्वातआंटी शेजारच्या. दुपारी नेहमीसारख्या न विचारता आत आल्या, केळीच्या पानातली कुए मिठाई टेबलावर ठेवली आणि भिंतीला टेकवलेला मोठा करडा फोटो पाहून जागच्या जागी थबकल्या.

"अय्यो! ह्वातदादा गेले? कधी? मला कोणी कळवलंसुद्धा नाही!"

ओंग खेंगह्वात त्यांच्या मागेच खुर्चीत कॉफी पीत बसले होते.

"अजून आहे," ते म्हणाले. "निदान ही कॉफी संपेपर्यंत तरी."

आंटींनी जीभ चावली, दोनदा माफी मागितली आणि कुए तिथेच टाकून पळ काढला. स्यूफैकला, म्हणजे खेंगह्वात यांच्या लेकीला, आधी हसू आलं. मग तिने पांच्या, म्हणजे वडिलांच्या, चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती हसायची थांबली. ते फोटोकडे बघत होते, आणि आपल्या कामाकडे बघतात तसे बघत होते.

तो फोटो शनिवारच्या प्रदर्शनात लागायचा होता, तिच्या पहिल्या प्रदर्शनात. एरवी ती जॉर्जटाउनमधल्या गेस्टहाउसवाल्यांसाठी खोल्यांचे आणि खिडक्यांचे फोटो काढायची. खोलीचा रंग सगळा उतरवायचा, एकट्या खिडकीचा ठेवायचा, आजूबाजूचा पसारा कापून टाकायचा. करड्या भिंतीत पेटल्यासारखी निळी झडप. गिऱ्हाईक खूश, पर्यटक त्याहून खूश. मग घरचीच खिडकी तशी केली तर बिघडलं कुठे? फक्त या खिडकीपाशी पा बसले होते, आणि खोलीबरोबर तेही करडे झाले होते.

पा उठले. त्यांनी खणातून इस्पितळाचा फॉर्म काढला आणि तिच्यासमोर ठेवला. सही केलेली नव्हती.

"सोमवारी मी जात नाही."

तीन महिने तिने त्यांच्या विनवण्या केल्या होत्या. हृदयाची झडप अरुंद झाली आहे, ऑपरेशन झालं तर अजून बरीच वर्षं, नाही झालं तर हे वर्षही कठीण, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. गेल्याच आठवड्यात कसेबसे ते हो म्हणाले होते.

"पा, असं काय करताय?"

"तू मला टांगून मोकळी झालीस. आता डॉक्टरांना कशाला त्रास?"

"ती फोटोची पद्धत आहे, पा! हल्ली सगळे..."

"मला पद्धत शिकवतेस?" त्यांचा आवाज चढला. "रंग कोणाचा काढतात, या घरात वाढून तुला माहीत नाही?"

माहीत होतं. चाळीस वर्षं पांचा स्टुडिओ खालच्या मजल्यावर होता. घरात कोणी गेलं की लोक लग्नाचा, सहलीचा, कसला तरी रंगीत फोटो घेऊन यायचे. पा त्यातलं एकच डोकं कापून वेगळं करायचे, रंग उतरवायचे, अंगात काळा कोट चढवायचे. फोटोच्या पाठीवर पेन्सिलने नाव, माप आणि खाली ठरलेले दोन शब्द: रंग काढा. आईचा देव्हाऱ्यातला फोटोही त्यांनीच केला होता, धबधब्यापाशी काढलेल्या दोघांच्या फोटोतून. स्वतःला त्यातून कापताना खांद्याचा थोडा भाग मात्र त्यांनी राहू दिला होता. दुसऱ्या कोणाच्या फोटोत असली चूक त्यांना खपली नसती.

फैक वर गेली आणि संगणकापुढे बसली. स्वतःचा इतका राग तिला कधी आला नव्हता. दहा गेस्टहाउसांची वाहवा डोक्यात गेली होती, दुसरं काय!

आधी तिने पांचा रंग परत आणला. शर्ट निळसर झाला, गालांवर तेज आलं. तरीही फोटो तसाच राहिला: म्हातारा माणूस, रिकामी खिडकी, नजर कुठेतरी लांब. रंग येऊनही त्यांची वाट बघण्याची तऱ्हा तीच होती. मरणाची, ते सांगायला नको.

मग तिने कापलेला भाग उलगडला. खाली प्लास्टिकची बादली आली, वर्तमानपत्रांचा ढीग आला. हाच पसारा तिने नाक मुरडून काढून टाकला होता. त्याच्याशेजारी, खिडकीखालच्या फळीवर, कंडेन्स्ड मिल्कचा डबा होता. डब्यात बोटभर उंचीचं रोप, आणि पांच्या हातातला कप त्यावर कललेला.

पा लांब कुठेही बघत नव्हते. ते रोपाला पाणी घालत होते.

फैकने डबा मोठा करून पाहिला. मग तिने बादली पुन्हा कापली, डबा ठेवला. खोली करडी, खिडकीही करडी. रंग फक्त दोन ठिकाणी: पांना आणि दोन पानांना. घरच्या छपाईयंत्रावर वहीएवढा फोटो काढून ती खाली आली.

पांनी तो घेतला आणि खणातून पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे काढले. फोटो कुठे कापायचा ते ठरवायला चाळीस वर्षं हेच वापरत आले होते. ते फोटोवर ठेवून सरकवत राहिले. वर्तमानपत्रांची एक कड गेली. डब्यापाशी मात्र हात थांबला.

"हे तू आधी कापलं होतंस."

"हो. चुकलंच माझं." तिने डब्यावर बोट ठेवलं. "कसलं रोप आहे?"

"जायफळ."

"त्याला फळ कधी धरतं?"

"सहा वर्षं. कधी सात." त्यांनी पुठ्ठे बाजूला ठेवले. "नराचं झाड निघालं तर कधीच नाही."

"आणि नर की मादी, ते कधी कळतं?"

"फुलं आल्यावर. तेव्हाही पाच-सहा वर्षं गेलेली असतात."

"मग अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी लावलंत कशाला?"

पांनी कपात बघितलं. कॉफी कधीच संपली होती.

"बघायचं होतं," ते पुटपुटले.

"मग बघा ना, पा! माझ्यासाठी नको, निदान त्याच्यासाठी तरी सोमवारी चला. मला एकटीला नाही जमायचं ते वाढवायला. मी मनीप्लांटसुद्धा मारलाय."

"दोन मारलेस," पा म्हणाले.

त्यांनी फोटो उलटा केला, कानामागची पेन्सिल काढली आणि पाठीवर सावकाश, जुन्या वळणात लिहिलं: ओंग खेंगह्वात. खाली माप. त्याच्या खाली पेन्सिल थोडी अडखळली. मग दोन शब्द उमटले: रंग ठेवा.

फैकला रडू आवरेना. तिकडे लक्ष न देता पांनी फॉर्म पुढे ओढला आणि सहीच्या रेघेवर पेन्सिल टेकवली.

"रोज सकाळी पाणी घाल. कॉफी घालू नकोस, ती खोड माझी."

"पा, पेन्सिलने चालत नाही तिथे."

त्यांनी पेन्सिलीकडे पाहिलं, परत कानामागे खोचली आणि पेन शोधायला उठले.