कोरा हात

देवरूखच्या वरच्या अंगाला डोंगरात असलेल्या त्या घरी लीला नर्स बुधवारी दुपारी पोचली, तेव्हा अंगणात कसलाच आवाज नव्हता.

चार वर्षांची सानवी मेंदूच्या क्षयाने रत्नागिरीला दवाखान्यात निपचित पडली होती; मुंबईला कामाला असलेला तिचा बाप येऊन उशाशी बसला होता. एवढ्या लहान पोराला हा रोग बहुधा घरातलंच मोठं माणूस देतं, आणि घरात तिचा दोन महिन्यांचा भाऊ होता. त्यालाही रोग लागण्याआधी देणारा सापडायला हवा होता. ‘खोकला कुणालाच नाही,’ असं तिघं मोठी सांगत होती. म्हणून सोमवारी लीलाने तिघांच्या हातांत चाचणीची सुई दिली होती.

सुईतल्या थेंबात क्षयाच्या मेलेल्या जंतूंची प्रथिनं असतात. रक्तातल्या पेशींची त्या जंतूंशी आधी गाठ पडलेली असेल, तर त्या ओळख पटून तिथे जमतात. दोन-तीन दिवसांत कडक गाठ उठते.

सासू हौसाची गाठ अठरा मिलिमीटर भरली, सून सावित्रीची बावीस. दोघींचे छातीचे फोटो मात्र काल देवरूखला स्वच्छ आले होते. सासरा केरू फोटोला गेलाच नव्हता.

सावित्रीचं पोलकं दुधाने भिजलं होतं.

“पोर कुठाय?”

“ह्यांच्याजवळ,” हौसा म्हणाली. “आमचे हात फुगलेले बघून मी बोलले, आता आम्ही पोराला शिवायचं नाय. ह्यांचा हात बघा, कोरा हाय! कालपासनं तेच त्याला छातीवर घेऊन निजतात. गाईचं दूध पाजतात.”

“मला दारातनंसुद्धा बघू देत नायत, ताय,” सावित्री म्हणाली.

“गप गो!”

पडवीच्या टोकाच्या खोलीत केरू भिंतीला टेकून बसला होता. पोर त्याच्या गळ्याशी झोपलं होतं. दोघांचे श्वास एका लयीत चालले होते. त्याने हसत हात पुढे केला. लीलाने बॉलपेनची रेघ ओढली. बायकांच्या हातांवर पेन गाठीपाशी अडलं होतं. इथे ते कांद्याच्या पापुद्र्यासारख्या गार कातडीवरून सरळ पलीकडे गेलं.

असा हात तिने याआधी दोनदा पाहिला होता. रोग अंगभर पसरला की पेशी दमतात. मग सुईने हाक मारली तरी कुणी येत नाही.

“बाबा, खोकला कधी होता?”

“गणपतीपासनं. शिमग्याला गेला.”

“गावच्या राखणदार देवाला कोंबडा दिला नि थांबला,” हौसा म्हणाली.

“थांबला नाही, आजी. खोकायला जोर उरला नाही. सावित्री, ये, पोराला घे.”

“तिचा हात फुगलाय!”

“तिचा हात लढतोय, छाती स्वच्छ आहे; तिच्यापासून पोराला धोका नाही. पोराला आजच औषध सुरू करायचं, आणि बाबांना माझ्याबरोबर न्यायचं.”

सावित्री सासूला ओलांडून आत गेली. केरूने पोर दिलं, पण त्याचे हात तसेच पाळण्यासारखे उचललेले राहिले.

हौसा त्याच्याजवळ बसली. त्याचा हात मांडीवर घेऊन ती सुईच्या जागी अंगठ्याने चोळू लागली. आधी हळू, मग जोरात.

“ऊठ गो,” ती त्या कातडीला सांगत होती. “थोडी तरी ऊठ.”