रावसाहेबांचं नवं दार

अख्ख्या वस्तीची अडलेली दारं ज्याच्या हातून उघडतात, तो चावीवाला स्वतःच्या घरात एका उघड्या दारापुढे हात टेकून बसला होता.

दार पिंजऱ्याचं होतं. आत कोपऱ्यातल्या लाकडी खोक्यात ससा बसला होता आणि बाहेर यायचं नाव घेत नव्हता. त्याला सगळे रावसाहेब म्हणत. नाव बायकोच्या मुलीने ठेवलेलं, आणि ससा आणून दिला होता तिच्या वडिलांनी, अंथरूण धरायच्या थोडं आधी. वडील गेले, ससा राहिला. पुढे चावीवाला लग्न करून या घरात आला, तेव्हा पोरीने त्याला दोनच गोष्टी सांगितल्या. माझ्या खोलीला आतून कडी बसवून द्या, आणि रावसाहेबांच्या पिंजऱ्याला हात लावू नका. कडी त्याने त्याच दिवशी बसवली. दुसरी गोष्ट कालपर्यंत पाळली.

काल पोरगी आजीकडे होती, आणि त्याला दुर्बुद्धी सुचली. पिंजऱ्याचं दार खिळखिळं झालं होतं, ससा हवं तेव्हा सुटून टीव्हीच्या वायरी कुरतडायचा. पोरगी यायच्या आत झकास दार बसवू, खूश होईल, असा साधा भोळा हिशेब. त्याने स्प्रिंगचं दार बसवलं, आपोआप लागणारं. काम इतकं नामी झालं की गड्याने स्वतःचीच पाठ थोपटली. तेवढ्यात रावसाहेब रोजच्या सवयीने बाहेर निघाले आणि दार खाडकन त्यांच्या पाठीवर आपटलं. ससा ओरडतो, हे चावीवाल्याला तोवर माहीतच नव्हतं.

तेव्हापासून रावसाहेब खोक्यात. पाला तसाच, पाणी तसंच. रुसला असेल, येईल ताळ्यावर, म्हणत त्याने सकाळ घालवली. दुपारी पाहिलं तर पिंजऱ्यात एक लेंडीसुद्धा नव्हती. मग मात्र त्याचं धाबं दणाणलं. त्याने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"पोट थांबलंय त्याचं," बाई म्हणाल्या. "दवाखाना बंद व्हायच्या आत आणा. उद्यावर टाकलंत तर माझ्या हातात काही उरणार नाही. आणि हे बघा, हात घालून ओढू नका. घाबरून लाथा झाडतात आणि स्वतःचाच कणा मोडून घेतात."

पिंजरा उचलून न्यावा, तर तो कपाटाएवढा आणि भिंतीला पक्का ठोकलेला. त्याने दाराला वीट लावून ते उघडं ठेवलं, गाजर धरलं, सफरचंदाची फोड धरली, "या हो रावसाहेब, चुकलं माझं," असं लाडीगोडीनेही सांगून पाहिलं. खोक्याच्या अंधारात एक काळा डोळा तेवढा लुकलुकला. डोळा त्याच्याकडे नव्हता, दाराकडे होता.

तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने स्क्रूड्रायव्हर घेतला आणि बिजागरीचे स्क्रू सोडवू लागला. जरा कुरकुर झाली की सशाचे कान ताठ व्हायचे आणि याचा हात थांबायचा. तिजोरी उघडताना कधी घाम फुटला नव्हता, तो इथे फुटला. अखेर दार निघालं. त्याने ते अलगद जमिनीवर ठेवलं. ससा तरी हलला नाही.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. पोरगी आली होती.

दार सोफ्याखाली सरकवावं आणि म्हणावं, आपोआपच आजारी पडला बघ, हा विचार त्याच्या मनात आला. खोटं कशाला बोला, चांगलाच आला. त्याने दार उचललंही, पण ते त्याच्या हातातच राहिलं, आणि पोरगी समोर उभी होती.

"हे मी बसवलं होतं," तो म्हणाला. "काल. ते त्याच्या पाठीवर आपटलं. तेव्हापासून तो खात नाही. लगेच दवाखान्यात न्यायला हवं, आणि तो बाहेर येत नाहीये."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "मी सांगितलं होतं ना काका! पिंजऱ्याला हात लावू नका म्हणून!"

ती खोलीत गेली. आतून कडी सरकली, बिनआवाजी, त्यानेच तेल घातलेली. संपलं सगळं, त्याला वाटलं. बायको कामावरून येईल तेव्हा तिला कुठल्या तोंडाने सांगायचं?

कडी पुन्हा सरकली. पोरगी बाहेर आली ती एक जुना स्वेटर घेऊन, मोठ्या माणसाच्या मापाचा. तो कुणाचा, हे त्याने विचारलं नाही. तिने तो पिंजऱ्याच्या तोंडाशी पसरला.

"झोपा खाली," ती म्हणाली. "पाठ करून. बघू नका त्याच्याकडे. बघितलं की त्याला वाटतं, आता धरणार."

दोघं जमिनीवर आडवे झाले, पिंजऱ्याकडे पाठ करून. खिडकीतलं ऊन भिंतीवरून वर सरकत होतं आणि दवाखाना बंद व्हायची वेळ जवळ येत होती. सगळा जन्म त्याने अडलेल्या दारांशी झटापट करण्यात घालवला होता. नुसतं पडून राहणं त्याला जमेना. मान वळवावीशी वाटली.

"नको," पोरगी कुजबुजली.

मागे काहीतरी खसपसलं. मग काहीच नाही. मग त्याच्या कोपराला ओलसर, थंड असं काही लागलं, आणि मिश्या. त्याने श्वास रोखून धरला. स्वेटरवर वजन पडल्यासारखं झालं. पोरगी हळूच उठून बसली, स्वेटरची टोकं जवळ घेतली आणि रावसाहेबांना त्यात गुंडाळून छातीशी धरलं.

"पळा," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई दाराला कुलूप घालायच्या बेतात होत्या. त्यांनी पाठ चाचपली, सुई टोचली, पोट चोळलं, परत परत नळी लावून ऐकलं. मग म्हणाल्या, "गुरगुरतंय. वाचला तुमचा ससा."

चावीवाला बाकावर बसला. सवयीने हात खिशात गेला. किल्ली नव्हती. दुसऱ्यांना तीन-तीन कुलपं विकणारा माणूस घर सताड उघडं टाकून आला होता.

"अगं, दाराला कुलूपच नाही लावलं! मी आलोच जाऊन."

तो उठला, तर पोरीने त्याची बाही धरली.

"बसा काका," ती म्हणाली. "राहू दे उघडं."